होडीवरचा गंज आणि फरशीवाल्यांची पावडर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात धाकट्या भावाची बारा फुटी फायबरग्लासची होडी येऊन पडली, तेव्हा कठड्याच्या प्रत्येक बोल्टखालून तिच्या पांढऱ्या अंगावर तपकिरी ओघळ उतरलेले होते. फायबरग्लास म्हणजे काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ. त्यात लोखंडच नसल्यामुळे ते गंजत नाही. गंजला होता तो बोल्ट, आणि तोही स्टेनलेस स्टीलचा.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा आतल्या लोखंडाला जपतो. तो ओरखडला, तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप सांधला जातो. मात्र बोल्टच्या डोक्याखालच्या फटीत साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन लवकर संपतो, आणि मही नदीच्या मुखाशी भरतीबरोबर आत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्यातले क्लोराइड तो पापुद्रा पोखरत राहते. तेथे विरघळलेले लोखंड बाहेर झिरपते, हवा लागताच त्याचा गंज बनतो आणि उन्हापावसाने भुरभुरीत झालेल्या जेलकोटच्या, म्हणजे होडीच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या बाहेरच्या थराच्या, बारीक रंध्रांत जाऊन बसतो.

साबणाने तो निघत नाही, कारण गंज तेलकट नसतो. ब्लीचनेही काही साधत नाही, कारण ब्लीचचे काम ऑक्सिडीकरणाचे आणि गंज तर आधीच पुरता ऑक्सिडीकृत झालेला. भावाने त्यावर लोखंडी तारेची घासणी फिरवली होती, हे तर सर्वांत वाईट; तिचे कण जेलकोटमध्ये रुतले आणि आठवडाभरात जुन्या डागांभोवती नवे ठिपके उमटले.

उपयोगी पडते ते ऑक्झॅलिक आम्ल. फरशीला पॉलिश करणारे कारागीर जिला नुसते ‘ऑक्झॅलिक’ म्हणतात, तीच ही पांढरी पावडर. चुक्याच्या भाजीचा आंबटपणाही मुख्यतः याच आम्लाचा. त्याच्या रेणूची दोन टोके लोखंडाच्या अणूला सांडशीसारखी धरतात, अशा तीन सांडशा एका अणूभोवती बसल्या की लोखंड पाण्यात विरघळते आणि तपकिरी डाग डोळ्यांदेखत पिवळट हिरवा होत जातो. पाव लिटर कोमट पाण्यात दोन चमचे पावडर विरघळवून ती मैद्याच्या खळीत कालवली, म्हणजे उभ्या बाजूवरून ओघळत नाही. वीसएक मिनिटे ती ओली ठेवावी.

हे काम सावलीत करावे, कारण हे संयुग प्रकाशाने मोडते आणि त्यातून न विरघळणारे पिवळे फेरस ऑक्झॅलेट मागे राहते. बोअरचे जड पाणीही टाळावे. त्यातल्या कॅल्शियमशी आम्लाचा संयोग झाला की पांढरी साय धरते, आणि ती असते कॅल्शियम ऑक्झॅलेटची, ज्याच्या सुयांनी अळू खाल्ल्यावर घसा खवखवतो. आम्ही घरच्या फिल्टरचे पाणी वापरले. ही पावडर विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत, स्वयंपाकघरातली भांडी घेऊ नयेत आणि ब्लीचशी तिची गाठ पडू देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

डाग निघाल्यावर होडी भरपूर पाण्याने धुऊन तिला मेण लावले, म्हणजे रंध्रे बुजतात. बोल्ट मात्र बदलावेच लागले: 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेल्या, क्लोराइडला अधिक दाद न देणाऱ्या 316 प्रतीचे नवे बोल्ट आणले आणि त्यांच्या डोक्यांखाली सीलंट भरूनच ते आवळले.