पोर दात खातं, जंत झाले असतील

उन्हाळ्यात खानदेशातल्या खेड्यांत झोपायला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर जायचं, ही जुनी रीत. पोरं ओळीनं निजतात आणि मध्यरात्री एखाद्याच्या तोंडातून कर्र-कर्र आवाज येतो. आजी कूस बदलता बदलता निदान करून मोकळी होते: "पोऱ्या दात खास. पोटमा जंत शेतस." सकाळी मधातून वावडिंगाची पूड ठरलेली.

यातला वावडिंगाचा भाग फार जुना आहे. चरकसंहितेत कृमी मारणाऱ्या औषधांत विडंग श्रेष्ठ म्हटलंय; बाळगुटीतलं वावडिंग ते हेच. दात खाण्याची नोंद मात्र वेगळ्याच खात्यात सापडते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ओठ-दात चावणं हे बालग्रहाच्या, म्हणजे लहान मुलांना पछाडणाऱ्या शक्तींच्या, लक्षणांत येतं. म्हणजे तिथे दोष जंतांचा नाही, या ग्रहांचा आहे.

मग जंतांचा समज इतका टिकला कसा? एक तर अनवाणी मातीत खेळणाऱ्या पोरांच्या पोटात जंत असायचेच, दात खाणाऱ्याच्याही आणि न खाणाऱ्याच्याही. औषध दिलं की जंत पडायचे, आजीचं म्हणणं खरं ठरायचं. शिवाय दात खाणं काही दिवस येतं, आपोआप जातं, पुन्हा येतं. गेलं की श्रेय औषधाला. नवसाचंही असंच असतं. अभ्यासांतून मात्र जंत आणि दात खाणं यांचं नातं पक्कं सिद्ध झालेलं नाही.

पाश्चात्त्य वैद्यकानंही कमी घोळ घातला नाही. १९०७ मध्ये मारी आणि पित्केविच या फ्रेंच डॉक्टरांनी या सवयीला 'ब्रुक्सोमानी' म्हटलं. दात खाण्याच्या ग्रीक शब्दाला त्यांनी 'वेड' जोडलं! १९३१ मध्ये फ्रोमन या अभ्यासकानं वेड काढून टाकलं आणि 'ब्रुक्सिझम' हा शब्द वापरला. पुढे कधी मनावरचा ताण, तर कधी वरखालचे दात नीट न जुळणं, अशी कारणं सांगितली गेली. १९६१ मध्ये दंतवैद्य रामफियोर यांनी जबड्याच्या स्नायूंचे विद्युत आलेख काढून दुसऱ्या कारणाला बळ दिलं, आणि दात खाणं थांबावं म्हणून दंतवैद्य दात थोडे झिजवून जुळवू लागले.

हे चित्र झोपेच्या प्रयोगशाळांनी पालटलं. मॉन्ट्रियलच्या जिल लाविन्य यांच्या गटानं दाखवलं की झोप काही सेकंद हलकी होते, मेंदूच्या लहरी आणि हृदयाचे ठोके वाढतात, आणि त्यानंतर जबडा चालतो. म्हणजे दातांची पाळी शेवटी येते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमतानं म्हटलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात हा आजार मानायचा नाही.

लहानग्यांत हा आवाज वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना भिडू लागले की ऐकू येतो, साधारण वर्षाच्या आसपास. बहुतेकांचं कायमचे दात येईपर्यंत आपोआप थांबतं. पोर घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर गोष्ट वेगळी. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्यात का, हे डॉक्टरांना दाखवायला हवं.

१० फेब्रुवारी २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मिळतं. कोण दात खातं हे कुणी विचारत नाही. गोळी घेतलेली काही पोरं रात्री धाब्यावर कर्र-कर्र करतातच.