उद्याचा खेळाडू आज ओळखण्याची शंभर वर्षं

१९१९ साली ब्रँच रिकी अमेरिकेतल्या सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल क्लबचा कारभार पाहत होता, तेव्हा क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता. त्याच्या माणसांनी एखादा गुणी पोरगा हेरला, की श्रीमंत क्लब जास्त पैसे मोजून तो पळवत. रिकीने मग खालच्या, म्हणजे मायनर लीगमधले क्लबच विकत घ्यायला सुरुवात केली. पोरं लहान वयात स्वस्तात घ्यायची, आपल्याच क्लबांत खेळवायची, तयार झाली की वर आणायची. बेसबॉलमधली ‘फार्म सिस्टिम’ ती हीच. आज प्रत्येक मेजर लीग (सर्वांत वरच्या पातळीच्या) संघाचं व्यवस्थापन आपल्या तरुण खेळाडूंची प्रगती तपासत असतं, त्या रिवाजाचं मूळ या पैशांच्या चणचणीत आहे.

मुंबईतला मुलगाही शालेय स्पर्धा, कांगा लीग, रणजी अशा पायऱ्या चढतो. पण त्या सगळ्या एका मालकाच्या नसतात. बेसबॉलमध्ये रूकी लीग या तळाच्या पायरीपासून मेजर लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-एपर्यंतची वाट एकाच संघाच्या हातात असते. कोणाला वर घ्यायचं, कोणाला आणखी वर्षभर तिथेच ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, हे तोच ठरवतो. ही सत्ता किती बेसुमार होऊ शकते ते १९३८ मध्ये दिसलं. एकाच लीगमधले अनेक क्लब कार्डिनल्स आडून चालवतात, असं ठरवून बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी त्यांचे सत्तरहून अधिक खेळाडू करारातून मोकळे केले. तरीही पद्धत टिकली, कारण ती जिंकून देत होती. १९४२ साली वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजना हरवणारा कार्डिनल्सचा संघ जवळजवळ पूर्णपणे याच मुशीतला होता. पुढे महान फलंदाज ठरलेला स्टॅन म्युझियल त्यातलाच.

रिकी पुढे ब्रुकलिन डॉजर्सकडे गेला आणि तिथे त्याने केलेलं काम मला अधिक मोलाचं वाटतं. १९४७ मध्ये त्याने ॲलन रॉथ या आकडेतज्ज्ञाला पूर्णवेळ नोकरीवर ठेवलं. १९४८ पासून फ्लोरिडातल्या व्हेरो बीच इथे, नौदलाच्या जुन्या विमानतळावर, संघाचं शिबिर भरू लागलं. पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू जिथून जायला हवा ती जागा, डोळ्यांना दिसावा म्हणून फलंदाजापुढच्या होम प्लेटच्या वर दोऱ्या ताणून चौकट केलेली असे. नजर ठेवणारी माणसं इथे शिकवूही लागली.

स्काउटांची (खेळाडू हेरणाऱ्यांची) २० ते ८० गुणांची मोजपट्टीही सहसा रिकीच्याच नावावर सांगितली जाते. तिच्यात ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. फटकेबाजी, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, थ्रो, प्रत्येकाला दोन आकडे: आजचा आणि पुढे होऊ शकेल तो. या दोहोंमधलं अंतर कोणी भरून काढायचं? अहवाल लिहिताना बहुतेकांनी ते पोरावरच सोडलं. या शंभर वर्षांतल्या मोठ्या चुका मला तिथेच सापडतात.

पेड्रो मार्टिनेझ हा डॉजर्सच्याच डोमिनिकन अकादमीतला मुलगा. एवढ्याशा अंगकाठीचा पिचर सामन्याच्या सुरुवातीपासून डावामागून डाव चेंडू टाकत राहण्याचं ओझं पेलणार नाही, असं ठरलं आणि १९९३ च्या अखेरीस त्याला माँट्रियलच्या संघाला देऊन टाकण्यात आलं. पुढे त्याने सर्वोत्तम पिचरला मिळणारे साय यंग पुरस्कार तीनदा जिंकले. आकड्यांच्या अभ्यासात आघाडीवर मानला जाणारा ह्यूस्टन ॲस्ट्रोजही चुकला. त्यांच्या जे. डी. मार्टिनेझ या फलंदाजाने हिवाळ्यात स्वतःहून आपला स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याची ढब, बदलून घेतला होता. संघाने मात्र जुन्या कामगिरीवरून मार्च २०१४ मध्ये त्याला सोडलं. त्याच वर्षी डेट्रॉइटकडून त्याने २३ होमरन मारले.

उलट दिशेने गेलेला एक प्रयोग फार लवकर संपला. कॅन्सस सिटी रॉयल्सचे मालक युइंग कॉफमन यांनी १९७० मध्ये सारासोटा इथे अकादमी काढली. बेसबॉल फारसा न खेळलेल्या, पण चपळ आणि नजरेच्या तेज मुलांना पारखून घ्यायचं आणि खेळ शिकवायचा. खर्च पाहून १९७४ मध्ये ती बंद झाली. पण तिथून निघालेल्या फ्रँक व्हाइटने सेकंड बेसवर क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने भालाफेक करणाऱ्या दिनेश पटेल आणि रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू वेगळा) यांना टीव्हीवरच्या स्पर्धेतून घेतलं, तेव्हा हीच आशा होती. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत, पण थेट मायनर लीगमध्ये उतरून त्यांनी जे शिकून दाखवलं ते थोडं नव्हतं.

आता रडार आणि वेगवान कॅमेरे चेंडूची फिरकी, बॅटचा कोन सगळं टिपतात. पोराच्या जेवणाची आणि राहण्याची नोंद मात्र कित्येक दशकं कोणत्याच अहवालात नव्हती. मायनर लीग खेळाडूंसाठी राहण्याची सोय २०२२ पासून बंधनकारक झाली. २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर नेला, सर्वांत खालच्या पायरीवरचा ४,८०० वरून १९,८०० वर.

त्याच सुमारास वाट अरुंदही झाली. २०२१ मध्ये संलग्न मायनर लीग क्लब सुमारे १६० वरून १२० वर आले. १९८८ मध्ये माइक पियाझाला डॉजर्सने ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) ६२ व्या फेरीत, १,३९० वा खेळाडू म्हणून घेतलं, तेही वडिलांचे स्नेही आणि डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांच्या शब्दाखातर. २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. आजचा ड्राफ्ट २० फेऱ्यांत संपतो.