सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी : तुलनेआधी हद्दीचा हिशेब

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या पूर्व कडेला सेंट लुइस आहे आणि पश्चिम कडेला, सुमारे ४०० किलोमीटरवर, कॅन्सस सिटी. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा नुसते फिरायला यांपैकी कोणते शहर बरे, अशी चर्चा निघाली की लोकसंख्येचे आणि गुन्ह्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडले जातात. २०२० च्या जनगणनेत सेंट लुइसची लोकसंख्या ३,०१,५७८ भरली आणि कॅन्सस सिटीची ५,०८,०९०. त्यावरून पहिले शहर लहान आणि दुसरे मोठे ठरते. उपनगरे धरली की चित्र उलटते : सेंट लुइसचा महानगरी परिसर सुमारे २८ लाखांचा आहे आणि कॅन्सस सिटीचा सुमारे २२ लाखांचा. या उलथापालथीचे मूळ १८७६ सालच्या एका मतदानात आहे.

फ्रेंच व्यापाऱ्यांनी १७६४ मध्ये वसवलेले सेंट लुइस १८७० च्या दशकात देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांत गणले जात होते. १८७० च्या जनगणनेत तर शिकागोला मागे टाकण्यासाठी आकडा फुगवला गेला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मिसिसिपीवरचा मोठा पूल १८७४ मध्ये खुला झाला होता. शहर तेव्हा सेंट लुइस काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचा, भाग होते. शहरातल्या करदात्यांची तक्रार अशी होती की काउंटीचा बहुतांश खर्च आपण उचलतो, कारभार मात्र भ्रष्ट आणि दुहेरी आहे. १८७५ च्या नव्या राज्यघटनेने शहराला स्वतःची सनद (कारभाराची मूळ नियमावली) तयार करण्याची आणि काउंटीपासून वेगळे होण्याची मुभा दिली. ऑगस्ट १८७६ मध्ये मतदान झाले आणि पहिल्या मोजणीत विभक्त होण्याचा प्रस्ताव थोडक्यात पडला. गैरप्रकारांचे आरोप झाले, फेरमोजणी झाली, आणि वर्ष संपता संपता तोच प्रस्ताव १,२५३ मतांनी मंजूर झाल्याचे जाहीर करण्यात आले. ग्रामीण मतदारांचा कौल स्पष्टपणे विरोधात होता, पण शहराच्या मतांपुढे तो टिकला नाही.

वेगळे होताना शहराने आपली हद्द जवळपास तिप्पट केली आणि ती कायमची गोठवली. सुमारे १६० चौरस किलोमीटरची ती रेषा आजही तशीच आहे. सेंट लुइस कोणत्याही काउंटीत नसलेले ‘स्वतंत्र शहर’ झाले आणि उरलेल्या भागाला सेंट लुइस काउंटी हेच नाव राहिले. म्हणजे सेंट लुइस काउंटीत सेंट लुइस नाही. तिचे मुख्यालय क्लेटनला आहे, तिची लोकसंख्या शहराच्या तिपटीहून अधिक, म्हणजे दहा लाखांच्या आसपास आहे, आणि तिच्या पोटात ऐंशीहून अधिक लहानमोठ्या नगरपालिका आहेत. ‘मी सेंट लुइसला राहतो’ या वाक्यावरून राहणारा नेमका कोणत्या कारभाराखाली आहे हे कळत नाही. तिथले लोक नव्या ओळखीत ‘तुम्ही कोणत्या हायस्कूलला होता?’ असे विचारतात ते उगाच नव्हे. उत्तरातून वस्ती, धर्म आणि सांपत्तिक स्थिती यांचा अंदाज बांधता येतो.

१८७६ च्या मतदारांना दूरदृष्टी नव्हती, असा दोष सर्रास दिला जातो. तो थोडा अन्यायाचा आहे. नव्या हद्दीत त्यांनी शेते आणि तेव्हा गावाबाहेर असलेले फॉरेस्ट पार्कही घेतले होते. मोटारगाडी त्यांच्या कल्पनेत असणे शक्य नव्हते. नंतरच्या नकारांची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. १९२६ मध्ये पुन्हा एक होण्याचा प्रस्ताव शहराने स्वीकारला आणि काउंटीने मोठ्या मताधिक्याने फेटाळला. १९५९ आणि १९६२ मधल्या योजनाही पडल्या. दरम्यान १९५० मध्ये ८,५६,७९६ असलेली शहराची लोकसंख्या उतरणीला लागली होती. जे बाहेर पडले त्यांतले पुष्कळजण दहा-पंधरा मैलांवरच गेले, पण रेषा ओलांडताच ते शहराच्या हिशेबातून वजा झाले. २०१९ ची एकत्रीकरणाची योजना राज्यभरच्या मतदानावर सोपवली जाणार होती, म्हणजे ज्यांचा या दोन्ही कारभारांशी संबंध नाही त्यांचे मत निर्णायक ठरले असते. नव्या महानगराची सूत्रे ज्याच्याकडे प्रथम जायची होती त्या काउंटीप्रमुखावरच फौजदारी आरोप आले आणि काही दिवसांतच ही योजना मागे घेण्यात आली.

कॅन्सस सिटीने उलटा मार्ग धरला. १९४० मध्ये दोन्ही शहरांचे क्षेत्रफळ जवळपास सारखे होते. १९४७ पासून कॅन्सस सिटीने हद्दवाढीचा सपाटा लावला, मिसुरी नदी ओलांडून उत्तरेकडची शेतजमीन पोटात घेतली, आणि १९७० पर्यंत तिचा विस्तार ८०० चौरस किलोमीटरवर गेला. एरवी उपनगरांत मोजली गेली असती अशी माणसे त्यामुळे शहरातच राहिली आणि लोकसंख्येचा आकडा सावरला. शाळांच्या हद्दी मात्र शहराबरोबर वाढल्या नाहीत, त्यामुळे एकाच शहरात अनेक शालेय जिल्हे आहेत. पश्चिमेला तर हद्दवाढीला वावच नव्हता, कारण तिथे राज्यसीमा आहे. स्टेट लाइन रोडच्या पलीकडे कॅन्सस राज्य सुरू होते आणि त्या राज्यात कॅन्सस सिटी नावाचे दुसरे शहर आहे. मिसुरीतले शहर त्या राज्याच्या स्थापनेहून जुने असूनही नावामुळे गफलत होतेच. रस्ता ओलांडून कंपन्या आणण्यासाठी दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षे करसवलती उधळल्या. २०१९ मध्ये त्यावर तह झाला.

राहायला जाणाऱ्याने त्यामुळे गुन्ह्यांचे दर जपून वाचावेत. सेंट लुइसचा दर काढताना भागाकार जुन्या, आटलेल्या शहराच्या लोकसंख्येने होतो, तर कॅन्सस सिटीच्या छेदात उत्तरेकडची शांत घरेही येतात. जुन्या वस्त्यांतला हिंसाचार दोन्हीकडे खरा आहे. क्रमवारीतले अंतर मात्र बरेचसे नकाशाने पाडलेले आहे. एक टक्का उत्पन्नकर दोन्ही शहरे घेतात, आणि हद्दीबाहेर राहून आत काम करणाऱ्यालाही तो भरावा लागतो.

पाहुण्याला ही रेषा सहसा जाणवत नाही. १९७१ मध्ये सेंट लुइस शहर आणि काउंटी या दोघांच्या मतदारांनी एक समाईक कर मान्य केला. फॉरेस्ट पार्कमधले प्राणिसंग्रहालय आणि कलासंग्रहालय आजही त्यामुळे विनाशुल्क पाहता येते. विमानतळावरून निघणारी तिथली लाइट रेल शहरातून जाऊन मिसिसिपीपार इलिनॉय राज्यात पोहोचते. कॅन्सस सिटीची २०१६ मध्ये सुरू झालेली ट्राम फुकट आहे आणि २०२५ मध्ये ती दक्षिणेकडे वाढवण्यात आली. विमानतळापर्यंत किंवा राज्यसीमेपलीकडे मात्र ती जात नाही.