ॲट होम/शे स्वा प्रकल्प

मानसिक आजार असलेल्या बेघर माणसाला उपचारांची अट न घालता आधी घर दिले तर काय होते, हे तपासण्यासाठी कॅनडात २००९ ते २०१३ या काळात झालेला संशोधन प्रकल्प. नावातले इंग्रजी आणि फ्रेंच शब्द एकाच अर्थाचे : आपल्या घरी. केंद्र सरकारने २००८ मध्ये त्यासाठी ११ कोटी डॉलर दिले व काम कॅनडाच्या मानसिक आरोग्य आयोगाकडे सोपवले. व्हँकूव्हर, विनिपेग, टोरांटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांतली दोन हजारांहून अधिक माणसे त्यात होती.

त्याआधीची रूढ पद्धत पायऱ्यांची होती. रात्रनिवारा, मग उपचार, मग व्यसन सुटल्याची खात्री, मग तात्पुरती खोली आणि सगळ्यात शेवटी घर. मधल्या एखाद्या पायरीवर घसरलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येई. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था काढून हा क्रम उलटा केला. त्यातून ‘हाउसिंग फर्स्ट’, म्हणजे ‘आधी घर’, ही पद्धत रुजली. कॅनडाने तीच घेतली. साध्या इमारतींतले, भाड्याचे घर द्यायचे. राहणाऱ्याने उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडे भरायचे आणि आठवड्यातून एकदा कार्यकर्त्याला भेटायचे. उरलेले भाडे प्रकल्प भरणार. औषध घ्यायचे का, दारू सोडायची का, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

कोणाला घर मिळेल हे चिठ्ठी टाकावी तसे रँडम पद्धतीने ठरले. एका गटाला घर व सोबत आधार मिळाला. जास्त गरज असलेल्यांना मनोविकारतज्ज्ञ आणि परिचारिकांचे पथक, बाकीच्यांना केस मॅनेजर, म्हणजे गरजेच्या सेवा मिळवून देणारा कार्यकर्ता. दुसऱ्या गटाला शहरात आधीपासून असलेल्या सेवांवरच भागवावे लागले. हे खटकते. सगळ्यांना पुरतील एवढी घरे नव्हतीच, तेव्हा चिठ्ठी ही त्यातल्या त्यात न्याय्य वाटणी, हा युक्तिवाद पटतो. पण ज्याची चिठ्ठी दुसऱ्या गटाची निघाली त्याच्यापुढे कॅनडातला हिवाळा होताच. तरीही या गटातल्या बहुतेकांनी शेवटपर्यंत मुलाखती दिल्या. या प्रकल्पाच्या आकड्यांवर पुढे धोरणे आखली गेली, त्या पुराव्याचा मोठा भाग घर न मिळालेल्या माणसांचा आहे.

ज्याला पत्ता नाही त्याला दोन वर्षे शोधत राहणे हे या कामातले सर्वांत अवघड अंग. संशोधक दर तीन महिन्यांनी सहभागींना गाठत आणि मधल्या काळातल्या रात्री कुठे काढल्या ते कॅलेंडर समोर ठेवून नोंदवून घेत. रस्ता, निवारा, रुग्णालय, तुरुंग, मित्राचा सोफा, स्वतःची खोली : सगळे त्यात येई. बेघरपण स्वतः भोगलेली माणसेही संशोधनात सामील होती.

अंतिम राष्ट्रीय अहवाल २०१४ मध्ये आला. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत ‘आधी घर’ गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, तुलनेच्या गटातले ३१ टक्के. त्या काळात एक दिवसही घर न लाभलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १६ आणि ४६ टक्के होते. जीवनमानातही पहिल्या गटाची सुधारणा जास्त होती. आजाराची लक्षणे आणि व्यसन यांत मात्र दोन्ही गट साधारण सारखेच सुधारले. घर दिले की व्यसन सुटते, असे हा अभ्यास म्हणत नाही. व्यसन सुटेपर्यंत घर अडवून धरण्याचे कारण उरत नाही, एवढे मात्र तो दाखवतो. खर्चाच्या हिशेबात, जास्त गरज असलेल्यांवर खर्चलेल्या दर १० डॉलरमागे इतर सेवांवरचे सरासरी ९.६० डॉलर वाचले. मध्यम गरज असलेल्यांच्या बाबतीत ही बचत ३.४२ डॉलरच होती. म्हणजे सरसकट ‘पैसे वाचतात’ हे खरे नाही, आणि घर देण्याचे समर्थन फक्त बचतीवर उभे करू नये.

प्रत्येक शहराने स्थानिक गरजेचा वेगळा प्रश्नही घेतला होता : विनिपेगमध्ये आदिवासी समाजांच्या पद्धतीने चालवलेली सेवा, टोरांटोत वांशिक अल्पसंख्याकांसाठी वंशभेदविरोधी काम, माँक्टनमध्ये ग्रामीण भाग. अंतिम अहवालाची वाट न पाहता, केंद्र सरकारने २०१३ च्या अर्थसंकल्पातच बेघरांसाठीच्या निधीचा रोख ‘आधी घर’कडे वळवला.

भारतात चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेचा ‘होम अगेन’ उपक्रम याच विचाराच्या जवळचा आहे. वर्षानुवर्षे संस्थेत किंवा मनोरुग्णालयात राहिलेल्या स्त्रिया तिथे वस्तीतल्या भाड्याच्या घरात चार-पाच जणी मिळून राहतात, आणि सोबतीला मदतनीस असते.