ओल्या कचऱ्याला वास का सुटतो?

सकाळी घंटागाडी आली की आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत सगळे एकदम बाहेर येतात आणि निम्म्या लोकांच्या हातात गाठ मारलेली कॅरीबॅग असते. आत रात्रीचा भात, कांद्याची सालं, चहाचा चोथा, आणि द्राक्षाचा सीझन असला की घडाचे देठ न् फुटके मणी. ती पिशवी फुटली की जो वास येतो त्यावरून सगळे म्हणतात ओला कचरा घाणच असतो, पण त्या वासाला खरं कारण ती गाठ आहे.

होतं काय की भाजीच्या सालींत 80-90 टक्के पाणीच असतं, ते सुटतं, पिशवीत हवा जात नाही, आतला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो आणि मग हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया कामाला लागतात. ते ब्युटिरिक ॲसिड बनवतात, खवट लोण्याला येतो तो वास त्याचाच, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हाच कचरा ढिगात खोल दबला की त्यातून मिथेन निघतो, आणि 100 वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता धरून ठेवतो.

हवा मिळाली तर दुसरेच बॅक्टेरिया वाढतात, ते कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता तयार करतात, वास जवळजवळ नाहीच. मोठ्या ढिगाचं तापमान 55-60 अंशांच्या वर जातं, त्यात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. आपण बाल्कनीत खत करायला ठेवतो ती बादली लहान, तिची उष्णता बाहेर निघून जाते, म्हणून तिला दीड-दोन महिने तरी द्यावे लागतात.

माझी पहिली बादली पूर्ण बिघडली होती, खाली काळं पाणी साचलं आणि अळ्या झाल्या. चूक एकच, मी नुसता किचनचा कचरा टाकत होते. या जिवाणूंना नायट्रोजनच्या 25 ते 30 पट कार्बन लागतो, सालींत तो कमी पडतो आणि वाळलेल्या पानांत भरपूर असतो. आता दर थरावर दोन मुठी पालापाचोळा टाकते, बादलीला खालून-बाजूने भोकं पाडलीत, आठवड्यातून दोनदा हलवते, सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडलं होतं. मुठीत दाबून बघायचं, एखादाच थेंब आला तर ठीक, धार लागली तर अजून पानं टाका. आणि त्या अळ्या बहुतेक वेळा काळ्या सोल्जर माशीच्या असतात, त्या चावत नाहीत, उलट कचरा पटापट संपवतात, तेव्हा घाबरून बादली फेकू नका प्लीज.

ज्यांना घरी जमत नाही त्यांनी निदान वेगळं तरी करा. ओला, सुका आणि घातक (सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं) असे तीन भाग तर 2016 च्या घनकचरा नियमांतच सांगितले होते. नाशिकमध्ये जर्मनीच्या जीआयझी या सरकारी संस्थेच्या मदतीने हॉटेलचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून बायोगॅस आणि त्यातून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला, म्हणजे हवेशिवाय कुजणंसुद्धा कामाचं आहे, फक्त ते बंद टाकीत व्हायला पाहिजे आणि गॅस पकडता आला पाहिजे. पण त्या टाकीत प्लॅस्टिक आणि काचा गेल्या की सगळं अडतं, शिवाय ते वेगळं करायला कोणीतरी माणूसच हात घालतो, फुटलेल्या काचेने त्याचा हात कापतो, याचं मला फार वाईट वाटतं.

खत झालं हे नाकाला आधी कळतं. जूनच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो ना, अगदी तोच वास, कारण दोन्हीकडे जिओस्मिन हे एकच रसायन असतं, ते ॲक्टिनोबॅक्टेरिया बनवतात. मग चाळायचं. परवा मी चाळलं तर खाली काळंभोर भुसभुशीत खत पडलं, आणि वर चाळणीत उरले कोथिंबिरीच्या जुडीचे चार रबर न् सफरचंदावरचे दोन स्टिकर.