झोप डोक्यात, मोजमाप मनगटावर

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते. पहाटे साडेपाचला नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या बागेत शेजारच्या काकू भेटल्या, चेहरा पडलेला. वय ६२, शाळेतून निवृत्त झालेल्या, रोज तीन फेऱ्या झाल्याशिवाय बाकावर न बसणाऱ्या. त्या दिवशी आल्या त्या थेट बाकावरच बसल्या.

"काय झालं काकू, बरं नाही का?"

त्यांनी मनगट पुढे केलं. "मी तर मस्त झोपली होती रे. उठली तेव्हा अंग कसं हलकं वाटत होतं. आणि हे पाह्य, काय सांगून राहिलं! ५८!"

झोप मोजून सकाळी १०० पैकी गुण देणारं ते स्मार्ट घड्याळ मुलानं दिवाळीला पुण्याहून पाठवलेलं. पाच-सहा महिने झोपेचे गुण ८० च्या पुढे असायचे. एप्रिलमध्ये एक अपडेट आलं आणि दुसऱ्याच सकाळी आकडा ६२ वर आला. काकूंचं अंथरूण, जेवणाची वेळ, गोळ्या, काहीच बदललं नव्हतं. तरीही त्यांनी चारनंतरचा चहा सोडला, भजनी मंडळातून लवकर उठू लागल्या आणि रात्री नऊलाच आडव्या होऊ लागल्या. मुलानं कंपनीला लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की गुण देण्याची पद्धत आता अधिक अचूक केली आहे.

अधिक अचूक म्हणजे कशाच्या तुलनेत, हे त्या उत्तरात नव्हतं. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

झोपेच्या अवस्था ठरतात त्या मेंदूच्या विद्युतलहरींवरून. जर्मनीच्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा टिपल्या. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिअल क्लाइटमन यांनी बंद पापण्यांआड डोळे वेगानं फिरतात ती अवस्था नोंदवली. तीच रेम झोप. आजही झोपेची पक्की तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, याच पायावर उभी आहे. रुग्णाच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि पायांवर इलेक्ट्रोड चिकटवतात, छाती-पोटाला पट्टे बांधतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात. मग अख्ख्या रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून तंत्रज्ञ प्रत्येक तुकड्याला नाव देतो: जागा, हलकी झोप, गाढ झोप, रेम. आठ तासांचे असे ९६० तुकडे होतात. एवढं करूनही दोन प्रशिक्षित तंत्रज्ञांचं एकमत साधारण ८० टक्क्यांच्या थोडं वर असतं.

मनगटावरच्या घड्याळाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्याकडे मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, हालचाल टिपणारी बारीकशी चिप. दुसरी, पाठीमागचे हिरवे दिवे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त किंचित वाढतं, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि त्या चढउतारांतून नाडी मोजली जाते. गाढ झोपेत नाडी संथ आणि एकसारखी चालते, रेममध्ये ती चंचल होते. या खुणांवरून घड्याळ मेंदूत काय चाललं असेल याचा अंदाज बांधतं. भिंतीपलीकडच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून आत वरण शिजतंय की मसालेभात, हे ओळखण्यासारखं आहे ते. स्वयंपाक चालू आहे एवढं खात्रीनं सांगता येतं, पुढचं सारं अनुभवावर. पट्टा सैल असला, घाम साचला, हृदयाचे ठोके अनियमित असले किंवा नाडी मंद करणारी रक्तदाबाची गोळी चालू असली, की अंदाज आणखी डळमळतो.

सगळ्यात मोठी गोची होते ती जागेपणी निश्चल पडून राहिल्यावर. हे मी स्वतःवर करून पाहिलं. काकूंशी बोलणं झालं त्याच आठवड्यात एका मित्राकडून दुसऱ्या कंपनीचं घड्याळ मागून आणलं आणि दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून झोपलो. रात्री २:४० ला लाइन गेली. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद पडला की त्या शांततेनंच जाग येते. उशाशी चमकत्या काट्यांचं टेबल घड्याळ होतं, म्हणून वेळ पक्की सांगता येते. कूस बदलली की घामाची धार लागायची, म्हणून हात बाजूला टाकून उताणा पडून राहिलो. गल्लीतलं कुत्रं, वरच्या मजल्यावर कोणीतरी ओढलेली बाज, सगळं ऐकत होतो. ३:२५ ला लाइन आली, पंप घुरघुरला आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीत पसरला. त्यानंतर केव्हातरी डोळा लागला.

सकाळी डाव्या घड्याळानं ती ४५ मिनिटं जवळजवळ पूर्ण "हलकी झोप" म्हणून दाखवली. उजव्यानं त्यातली दहा मिनिटं जागा धरली. डाव्याचे गुण ७९, उजव्याचे ६३. माणूस एक, रात्र एक.

एका रात्रीवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण प्रयोगशाळेतल्या तुलनांतही हेच वळण दिसतं. झोपेची मिनिटं ही उपकरणं ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखतात. जागेपणाची मिनिटं मात्र बऱ्याच अभ्यासांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी सापडली आहेत. आणि इथे एक साधं गणित माणसाला फसवतं. समजा तुम्ही आठ तास अंथरुणात होतात, त्यातले सात तास झोपलात आणि एक तास जागे होतात. आता एखादं घड्याळ काहीही न मोजता ४८० च्या ४८० मिनिटांवर "झोप" असा शिक्का मारत असेल, तरी त्यातली ४२० मिनिटं बरोबर निघतात. म्हणजे ८७.५ टक्के अचूकता! खोक्यावर छापलेला अचूकतेचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावं. ज्याला रात्री झोप लागत नाही, त्याचा प्रश्न नेमका उरलेल्या साठ मिनिटांतच असतो.

त्यात अचूकतेचे हे ताळे बहुतेक वेळा तरुण, निरोगी, झोपेची तक्रार नसलेल्या लोकांवर घेतलेले असतात. वयाबरोबर गाढ झोप कमी होत जाते, हा शरीराचा क्रम आहे. बासष्टीतल्या बाईला पंचविशीच्या फूटपट्टीनं मोजलं तर ती रोज कमीच भरणार.

आता गुणांकडे येऊ. घड्याळ आधी अंदाजानं अवस्था ठरवतं, मग त्यांना वजन देतं: एकूण वेळेला इतकं, गाढ झोपेला इतकं, नाडीला इतकं, चुळबुळीला इतकं. हे वजन किती असावं, हे निसर्गानं ठरवलेलं नाही. ते कंपनीच्या कचेरीत ठरतं, कंपनीगणिक वेगळं असतं आणि संपूर्ण सूत्र सहसा जाहीर होत नाही. पण १०० पैकी गुण म्हटलं की आपण सगळे दहावीच्या निकालासमोर उभे राहतो. ७९ आणि ७४ यांतला फरक खरा असेल किंवा निव्वळ चुकीच्या अंदाजांची बेरीज असेल. पडद्यावर दोन्ही सारखेच ठाशीव दिसतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात याला आणखी एक पदर आहे. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. त्यासाठी हातापायांच्या कातडीकडे रक्त वळवून शरीर उष्णता बाहेर टाकतं. दिवसा पारा ४५ च्या वर गेलेला, भिंती आणि स्लॅब रात्रीही तापलेले, अशा खोलीत हे काम लांबतं आणि हृदयाला जास्त धावावं लागतं. नाडी नेहमीपेक्षा चढी राहिली की अनेक सूत्रांत गुण कापले जातात. यात घड्याळ पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण उकाड्यात गाढ झोप आणि रेम खरोखरच घटतात. पण नवतप्यातल्या ५८ मधला किती वाटा उकाड्याचा, किती अंदाजाचा आणि किती एप्रिलमधल्या नव्या सूत्राचा, हे काकूंना कळायला मार्गच नव्हता. त्यांनी सगळा दोष स्वतःच्या झोपेला दिला.

मला सर्वात जास्त लागतं ते हेच. कारण वाईट आकडा नुसता वाचल्यानंही दिवस बिघडतो, याचे पुरावे आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजमधल्या एका प्रयोगात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, विद्यार्थ्यांना त्यांच्या रेम झोपेचं प्रमाण सांगितलं गेलं: काहींना २८.७ टक्के, काहींना १६.२ टक्के. दोन्ही आकडे बनावट होते. त्यानंतर ऐकलेल्या अंकांची भराभर बेरीज करण्याच्या चाचणीत, झोप कमी पडली असं सांगितलेले विद्यार्थी मागे पडले. प्रत्यक्षात ते कसे झोपले होते, याला महत्त्व उरलं नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निद्रानाश असलेल्या लोकांना मनगटी उपकरणाच्या नावाखाली असाच खोटा निकाल दिला. "झोप वाईट" ऐकलेल्यांना दिवसा जास्त थकवा आणि पेंग जाणवली. २०१७ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी अशा रुग्णांची वर्णनं प्रसिद्ध केली, ज्यांचा प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा बँडवर अधिक विश्वास होता आणि जे गुण वाढवायला जास्त वेळ अंथरुणात पडून राहत होते. या ध्यासाला त्यांनी ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. झोप नसताना तासन् तास पडून राहिल्यानं अंथरुणाचं आणि जागेपणाचं नातं घट्ट होतं आणि निद्रानाश बळावतो. काकू नऊला आडव्या होत होत्या आणि अकरापर्यंत पंखा बघत होत्या.

म्हणून घड्याळ फेकून द्यावं असं नाही. कधी झोपलो, कधी उठलो, हे ते चांगलं सांगतं आणि ही माहिती मोलाची आहे. ब्रिटनमधल्या ६० हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी नोंदींवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात मृत्यूच्या जोखमीचा अंदाज झोपेच्या तासांपेक्षा तिच्या नियमितपणावरून अधिक चांगला बांधता आला. आठवड्याची सरासरी आणि रोजची ठरलेली वेळ पाहावी. मोठं घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं असं काही असेल तर गुण ९० असले तरी डॉक्टरांकडे जावं. पॉलिसोम्नोग्राफी नागपुरातही होते.

आणि कंपन्यांनी काय करावं? सूत्र बदललं त्या तारखेला आलेखावर रेघ मारावी, म्हणजे आधीचे आणि नंतरचे गुण कोणी एका माळेत ओवणार नाही. ६३ असा एकच आकडा देण्याऐवजी "५५ ते ७२ च्या दरम्यान" असं लिहावं. ताळा कोणत्या वयाच्या, कोणत्या तब्येतीच्या किती माणसांवर घेतला, ते साध्या मराठीत सांगावं. पैसे मोजून घड्याळ घेणाऱ्याचा हा हक्क आहे.

एका रविवारी मी आणि काकूंच्या मुलानं फोनवर बोलत बोलत त्यांच्या घड्याळाच्या पडद्यावरून गुणांचा चौकोन काढून टाकला. झोपण्याची आणि उठण्याची वेळ तेवढी ठेवली. आता त्या पावणेअकराला आडव्या होतात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली रोज एक शब्द लिहितात. मृगाचा पाऊस आला त्या तारखेच्या चौकोनात लिहिलंय: "दूध १ लि. कूलर बंद. हलकं."