जुनी गाडी खराब निघाली तर: 'जशी आहे तशी' या वाक्यामागची गोष्ट

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून, सीट कव्हर बदलून विकायला आली की पटकन ओळखू येत नाही. स्टेपनी उचलली तर खालच्या खड्ड्यात वाळलेल्या चिखलाची रेघ सापडते, सीटच्या रुळांना गंज दिसतो, सीटबेल्ट पूर्ण ओढला की खालच्या टोकाला डाग असतो. वायरिंगचा बिघाड मात्र काही महिन्यांनी डोकं वर काढतो. तेव्हा गिऱ्हाईक डीलरकडे गेलं की पावतीवरची ओळ पुढे येते, 'गाडी जशी आहे तशी बघून घेतली, नंतर तक्रार चालणार नाही'. बरेच लोक तिथूनच परत फिरतात, आणि ते बरोबर नाही.

या ओळीला ताकद कुठून आली ते आधी बघू. 1872 च्या करार कायद्यात घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात घोडा विकला, तो धड नाही हे विकणाऱ्याला माहीत होतं पण तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक धरत नाहीत. त्याच कलमात पुढे असंही आहे की घेणारा म्हणाला 'तुम्ही नाही म्हटलं नाही तर मी घोडा चांगलाच समजतो' आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलल्यासारखंच. आज हेच व्हॉट्सअ‍ॅपवर करता येतं, 'गाडी ठोकलेली नाही, पाण्यात गेलेली नाही, मीटर मागे केलेलं नाही असं समजून टोकन देतोय' एवढा मेसेज टाकून ठेवायचा. मग 1930 चा वस्तू विक्री कायदा आला. त्यात मूळ नियम बघून घेण्याचाच, पण धंदेवाल्याच्या भरवशावर माल घेतला तर तो कामाचा असला पाहिजे हा अपवाद, आणि दोघांनी ठरवलं तर 62 व्या कलमाने तो अपवादही बाजूला ठेवता येतो. पावतीवरची ओळ या कलमावर उभी आहे.

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जुन्या वस्तू कुठेही वगळल्या नाहीत. 'दोष' या शब्दाची व्याख्याही ऐसपैस आहे, आणि स्वतः चालवून पोट भरायला टॅक्सी घेणाराही त्यात ग्राहकच धरला जातो.

खरा गुंता झाला 2009 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने लिलावातल्या प्लॉटच्या प्रकरणात सांगितलं की आहे त्या स्थितीतली जागा बघून, बोली लावून घेणारा हा ग्राहक नाही आणि विकणारा व्यापारी नाही. आता हा निकाल जुन्या गाडीला लावायचा का? माझ्या मते डीलरकडच्या गाडीला तो लावणं चूक आहे. ती सरकारी जागा होती, जाहीर लिलाव होता. इथे रोज गाड्या विकणारा माणूस 'सिंगल ओनर, कमी रनिंग, शोरूम कंडिशन' सांगून राहिला आणि आपण त्यावर विसंबून पैसे मोजतो. आणि 62 व्या कलमाने माल कामाचा असण्याची अट काढता येते, खोटं बोलायची मुभा मिळत नाही. रनिंग खोटं सांगितलं असेल तर तो अनुचित व्यापार झाला, पावतीवर काहीही छापलेलं असो. बँकेने ओढून आणून लिलावात काढलेली गाडी असेल तर मात्र हा निकाल आडवा येऊ शकतो, तिथे जपून.

2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि गाडीवाल्यांसाठी बरंच बदललं. आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्याहून किंवा रायपूरहून आणली तरी केस नागपुरात. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, मुदत 2 वर्षं. बिल न देणं हाही आता अनुचित व्यापार आहे. 'अन्यायकारक करार', म्हणजे एकतर्फी अटींविरुद्ध तक्रार करायची नवी सोयही आली, पण नुसत्या त्या मुद्द्यावर जिल्हा आयोगात जाता येत नाही, थेट राज्य आयोग लागतो. ही मला मोठी उणीव वाटते, कारण छापील अटींचा त्रास सगळ्यात जास्त चार-पाच लाखांच्या गाड्या घेणाऱ्यांनाच होतो. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात बसतं तेवढाच आधार.

तरी डीलर म्हणायचा 'मी फक्त मधला, गाडी माझी नव्हतीच'. आरसी जुन्या मालकाच्या नावावर, मालकी बदलाच्या 29 आणि 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या, मग डीलरचं नाव कागदावर येणार कुठून? यावर डिसेंबर 2022 मध्ये मोटार वाहन नियम बदलले, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून 5 वर्षांचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मालकाने गाडी त्याच्याकडे सोपवली की फॉर्म 29सी ने ते पोर्टलवर कळवायचं. तिथून पुढे डीलरच मालक समजला जातो. गाडी नागपूरच्या एमएच 31 नंबरची असो की एमएच 49, टोकन देण्याआधी हे प्रमाणपत्र आणि 29सी दोन्ही मागा. दाखवत नसेल तर तो उद्या 'मधला' होणार हे आजच धरून चाला.

कॉलनीतल्या कोणी स्वतःची गाडी थेट आपल्याला विकली तर मात्र तो कायद्याने व्यापारी नाही, आणि ग्राहक आयोग तिथे कामाचा नाही. तिथे अजूनही 1872 चाच कायदा आणि दिवाणी कोर्ट, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत.